प्रवाशाची साक्ष

आपल्या मुलखाचा इतिहास परक्या माणसाच्या तोंडून का ऐकायचा, असे पुष्कळजण विचारतात. उत्तर साधे आहे. जे रोजचे असते ते आपण लिहून ठेवत नाही. पाहुण्याला मात्र त्याचेच नवल वाटते.

अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला, त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी निकितिन विकायचा एक घोडा घेऊन चौलला उतरला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि मग तो बहमनी राजधानी बीदरला गेला. त्याची टिपणे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जातात. चार महिन्यांचा पाऊस, जिकडेतिकडे चिखल आणि त्याच दिवसांत चाललेली पेरणी त्याने नोंदवली. चांदीच्या मंचकांवरून मिरवणारे उमराव आणि खेड्यांतली हलाखी, दोन्ही त्याने पाहिली. दरबारी तवारिखांत मोहिमा भरपूर सापडतात, चिखल क्वचितच.

पण म्हणून त्याचा शब्दन् शब्द खरा मानायचा का? चोचीतून आग ओकणारा पक्षी आणि फौज बाळगणारा माकडांचा राजाही तोच सांगतो! म्हणून विचारायचे : हे त्याने पाहिले की ऐकले? दुसरा पुरावा जुळतो का? त्याने उल्लेखिलेला ‘मलिक-उत-तुज्जार’ म्हणजे बहमनी वजीर महमूद गवान. फारसी इतिहासग्रंथ आणि गवानची स्वतःची पत्रे यांच्याशी ही माहिती ताडून पाहता येते.

आणखी एक प्रश्न महत्त्वाचा. लोक त्याला कोण समजत होते? इथे तो ‘खोजा युसुफ खुरासानी’ या नावाने वावरत होता. बीदरला त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे हिंदू परिचितांना सांगितले, तेव्हा त्यांनी आपले खाणेपिणे, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवणे सोडले. पुढे त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला.

आता जुन्नरचा प्रसंग घ्या. तिथल्या खानाने त्याचा घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ आला, त्याने खानाकडे रदबदली केली. निकितिनचा धर्मही वाचला आणि घोडाही परत मिळाला.

या गोष्टीतला खान तेवढा सांगणारे लोक आहेत, महंमद तेवढा सांगणारेही आहेत. दोघेही खोटे बोलत नाहीत, तरी दोघेही इतिहास बिघडवतात. जबरदस्ती करणारा आणि सोडवणारा एकाच धर्माचे होते, हे निकितिनने एकाच दमात लिहिले. आपला धर्म न सोडलेल्या या माणसाने टिपणांच्या अखेरीस देवाला आळवले आहे, तेही अरबी-फारसी शब्दांत.

प्रवाशाची साक्ष जरूर काढावी. मात्र ती पुरी ऐकून घ्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)