जुना लॅपटॉप, पण सफाई आपल्याच हाताने!

बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीत दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. एक दाखल्यांची आणि दुसरी लॅपटॉपची. दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या कशा झिजवायच्या हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लॅपटॉपचे प्रकरण मात्र नवे. नव्या यंत्राची किंमत ऐकूनच माणूस दुकानाबाहेर येतो. चार घरची धुणीभांडी करणारी आई आणि रात्रपाळीचा वॉचमन बाप एवढी रक्कम कोठून आणणार? मग बचत गटातून उचल घेतली जाते आणि बारा-पंधरा हजारांत जुना लॅपटॉप घरात येतो. दुकानदार तो पुसून हातात देतो आणि सांगतो, "विंडोज टाकून दिलीय, ऑफिस टाकून दिलंय. सगळं ओके आहे. आता आत कशाला हात लावू नका."

आमचा आजचा मुद्दा या शेवटच्या वाक्याचा आहे. हात लावू नका! हे वाक्य आपल्या समाजाने कोठे कोठे ऐकले आहे ते सांगण्याची गरज नाही. दुकानदाराच्या मनात जात नसेल, धंदा असेल. तरीही परिणाम तोच होतो. वस्तू आपल्या घरात, पैसे आपल्या खिशातून गेलेले आणि वस्तूचे ज्ञान मात्र दुसऱ्याकडे! तुलना कोणाला ओढूनताणून वाटली तर वाटू द्या.

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढून सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली होती. ती कोणाच्या तरी हाताखालून गेलेलीच होती. पुस्तक जुने असले म्हणून त्यातले ज्ञान जुने होत नाही. पण पुस्तक आणि लॅपटॉप यांत एक फरक आहे. जुन्या पुस्तकात आधीच्या मालकाने मारलेल्या रेघा आपल्याला दिसतात. जुन्या लॅपटॉपमध्ये आधीच्या मालकाने आणि मधल्या दुकानदाराने काय ठेवले आहे, ते दिसत नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २०२२ साली आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप सकाळी उघडला, तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागलेली. एकही फाइल उघडेना. सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी होती. फायली परत हव्या असतील तर ९८० डॉलर भरा, ७२ तासांत संपर्क साधलात तर निम्म्यात सोडू! महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी स्कॅन केलेले सगळे दाखले, कॉलेजचा प्रकल्प अहवाल, वारलेल्या आजीचे फोटो, सगळे गेले. दाखले पुन्हा स्कॅन झाले, अहवाल पुन्हा लिहिला गेला. फोटो परत आले नाहीत.

हा व्हायरस आला कोठून? त्या मुलीने कोणतीही वाईट साइट उघडली नव्हती. या जातीचे खंडणीखोर व्हायरस बहुतेक वेळा फुकट 'क्रॅक' आणि 'ॲक्टिव्हेटर' यांच्या पोटात बसून येतात. ॲक्टिव्हेटर म्हणजे परवाना नसलेल्या विंडोजला परवाना असल्याचे भासवणारा छोटा प्रोग्राम. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, कारण अँटिव्हायरस त्याला चोर म्हणून ओळखतो. दुकानदार तेच करतो. राखणदाराला झोपवून, दार उघडे ठेवून यंत्र आपल्या हातात देतो. वर "सगळं ओके आहे"!

यापेक्षा संतापजनक गोष्ट पुढे आहे. आमच्या एका इंजिनिअर मित्राने तो लॅपटॉप पूर्ण कोरा करून मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलेली विंडोज त्यावर टाकली. इंटरनेट जोडले आणि विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झाली. ना क्रॅक, ना पैसे! असे का झाले? विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या विंडोजसह जे लॅपटॉप विकतात त्यांच्या मदरबोर्डमध्येच परवान्याची किल्ली बसवलेली असते. पहिल्या मालकाने यंत्र घेतानाच तिचे पैसे मोजलेले असतात. हार्ड डिस्क बदलली तरी ती किल्ली जात नाही. विंडोज १० किंवा ११ सह बाजारात आलेल्या यंत्रावर त्याच प्रतीची विंडोज, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, पुन्हा टाकली की परवाना ओळखला जातो. म्हणजे दुकानदाराने 'विंडोज टाकण्याचे' म्हणून जे ५०० रुपये घेतले, त्यात जे यंत्राच्या हक्काचे होते ते दिले नाही आणि चोरीचे दिले. आपल्या हक्काची वस्तू आपल्याच घरात असताना आपण दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, हे किती दिवस चालणार?

आता कोणी म्हणेल, हे इंजिनिअर लोकांचे काम आहे. अजिबात नाही! आमच्या अभ्यासिकेत अकरावीची मुले हे काम करतात. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आणि दुसरा एखादा चांगला, विश्वासातला संगणक लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर पेन ड्राइव्ह तयार करून देणारा प्रोग्राम फुकट मिळतो. पेन ड्राइव्हमध्ये आधी जे असेल ते पुसले जाते, तेवढे लक्षात ठेवावे. मग लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावायचा, चालू करताना बूट मेनूचे बटण दाबत राहायचे. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ १२, एचपीत एफ ९. पुढे कोठे टाकायचे असे विचारतात, तेथे जुने सगळे भाग एकेक करून काढून टाकायचे, एकच मोकळी जागा उरेपर्यंत. नुसत्या सी ड्राइव्हवर विंडोज टाकून डी ड्राइव्ह तसाच ठेवू नये. दुकानदारांनी 'सोयीसाठी' ठेवलेले क्रॅकचे गाठोडे बहुधा तेथेच सापडते.

पहिल्यांदा करणाऱ्याला एक अडचण हमखास येते. सगळे नीट होते आणि वाय-फाय दिसत नाही. ड्रायव्हर नसतो आणि तो उतरवायला इंटरनेट नसते! येथे पोरे घाबरतात आणि लॅपटॉप उचलून पुन्हा त्याच दुकानात जातात. मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करावे, काम होते. लॅपटॉपच्या पोटावर जो क्रमांक असतो तो कंपनीच्या साइटवर टाकला की नेमके ड्रायव्हर मिळतात.

यंत्र तरीही मुंगीच्या पावलाने चालत असेल तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. दोन-अडीच हजारांचा वरखर्च करायचाच असेल तर पिशवी आणि कव्हरवर न करता येथे करावा.

आणखी एक अडचण अलीकडची आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीची ठणठणीत यंत्रे कंपनीच्या लेखी बाद. मोठ्या कचेऱ्यांतून अशीच यंत्रे ढिगाने बाहेर पडतात आणि स्वस्तात आपल्या वाट्याला येतात. त्यांचे काय करायचे? क्रॅक मारून विंडोज ११ दामटायची?

येथे आम्हाला एका शंकेला उत्तर द्यायचे आहे. दर रविवारी विहारात आपण पंचशील घेतो. दुसरे शील सांगते की जे दिलेले नाही ते घेणार नाही. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "अमेरिकेतल्या कोट्यधीश कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट वापरलं तर शील मोडतं का?" सभेत हशा पिकला. आम्ही हसलो नाही. प्रश्न कंपनीच्या नुकसानीचा नाही. तिचे नुकसान भरून काढायला तिचे वकील समर्थ आहेत. प्रश्न असा की जे दिलेले नाही ते घेण्याच्या नादात आपली पोरे आपली कागदपत्रे, आपले बँकेचे पासवर्ड अनोळखी माणसाच्या ताब्यात देतात. आणि दुसरीकडे जे खरोखर दिलेले आहे ते घेत नाहीत!

दिलेले म्हणजे काय? १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचे, आत उघडून पाहण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यामागची भूमिका. १९९१ साली फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या जोडीतून उभ्या राहिलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन या प्रणाली कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि शंभर जणांना वाटू शकतो. परवानाच वाटण्याचा आहे. येथे कोणी "हात लावू नका" म्हणत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट सुरळीत चालते. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, आवाज येतो का, वाय-फाय चालते का, सगळे तपासता येते. लिब्रेऑफिस सोबतच असते. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही सेटिंगमध्ये सापडतो.

तरी आंधळेपणाने लिनक्सचा झेंडा आम्ही खांद्यावर घेणार नाही. ऑटोकॅड लागणाऱ्या सिव्हिलच्या विद्यार्थ्याला, टॅली शिकणाऱ्या मुलीला विंडोज लागेल. घरून द्यावयाच्या काही ऑनलाइन परीक्षांचे प्रोग्रामही लिनक्सवर चालत नाहीत. अशा मुलांनी यंत्र घेतानाच आठव्या पिढीच्या पुढचे पाहून घ्यावे, दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

सफाईच्या उत्साहात एक मोठे नुकसान होऊ शकते, त्याविषयी बोलले पाहिजे. चळवळीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या मुलाने त्यांचा जुना संगणक भाच्याला दिला. भाच्याने तो त्याच दिवशी फॉरमॅट मारला. त्यात वीस वर्षांची निवेदने, मोर्चांची पत्रके, अत्याचाराच्या प्रकरणांच्या नोंदी होत्या. कोणाकडेही दुसरी प्रत नव्हती. पुसणे हे पाच मिनिटांचे काम आहे, म्हणूनच पुसण्याआधी पाच वेळा विचारले पाहिजे. त्या काळचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असतो. फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर पडद्यावर नुसती गिचमिड दिसते आणि नातू म्हणतो, आजोबांची फाइल खराब आहे. ती खराब नसते! फाइलसोबत फॉन्टही जपून ठेवावा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ज्यांच्या घरी असे संगणक माळ्यावर पडून आहेत त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या.

उलट बाजूही आहे. आपण आपला लॅपटॉप विकतो तेव्हा काय करतो? फोल्डर डिलीट करतो, रिसायकल बिन रिकामा करतो, फार तर फॉरमॅट मारतो. अनुक्रमणिकेचे पान फाडले म्हणून पुस्तक कोरे होत नाही. झटपट फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरून आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक परत काढता येते. विंडोजमध्ये 'रीसेट' करताना सर्व काही काढण्याचा आणि त्याखाली ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय असतो. त्याला काही तास लागतात. लागू द्यावेत. आम्ही घेतलेल्या एका यंत्रात कोण्या कचेरीतील कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक निघाले होते. मुलांना ते वाचायचे होते. आम्ही वाचू दिले नाही, पुसून टाकायला लावले. आपली कागदपत्रे दुसऱ्याने वाचू नयेत असे वाटत असेल तर सुरुवात आपल्यापासून व्हायला हवी.

आजवर आमच्या अभ्यासिकेत अकरा यंत्रे साफ झाली. बाराव्याने मात्र दगा दिला. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडले तर पडद्यावर एका कंपनीचे नाव आले आणि त्या कंपनीचा ईमेल व पासवर्ड मागू लागले. कचेरीने यंत्र विकले, पण आपल्या यादीतून काढले नाही, तर असे होते. कितीही वेळा फॉरमॅट मारा, कुलूप पुन्हा येतेच. बायोसला पासवर्ड असेल तरी तीच गत. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच रीसेट करून, इंटरनेट जोडून दाखवायला सांगावे आणि पावतीवर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. या मुलाने पावती घेतली नव्हती. तो एकटा गेला तेव्हा दुकानदाराने त्याला ओळखही दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत अभ्यासिकेतील सहा जण गेले, त्यात त्या खंडणीच्या चिठ्ठीवाली मुलगीही होती. तिने काउंटरवरच यंत्र चालू करून कुलूप दाखवले आणि शेजारच्या दोन गिऱ्हाइकांना ते काय आहे हे समजावून सांगू लागली. दुकानदाराने पैसे परत केले, ५०० रुपये विंडोजचे कापून. ते ५०० आणायला पोरे या शनिवारी पुन्हा जाणार आहेत.