प्रत्यार्पण : पत्ता माहीत आहे, मग आणत का नाहीत?

या विषयावर कुठेही बोलायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अहो, तो माणूस लंडनमध्ये आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे. मग विमानात बसवून आणत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी देशाबाहेर गेले. नीरव मोदी जानेवारी २०१८ मध्ये गेले, आणि थोड्याच दिवसांत मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतलं प्रकरण बाहेर आलं. पैसा सार्वजनिक बँकांचा, म्हणजे तुमचा-माझा. तेव्हा चीड येणारच. पण आज आपण चीड बाजूला ठेवून कायदा काय म्हणतो ते बघू.

मुळात एका देशाचे पोलीस दुसऱ्या देशात जाऊन कोणाला अटक करू शकत नाहीत. विनंती करावी लागते. त्या विनंतीवरून आरोपीला रीतसर ताब्यात देणं म्हणजे प्रत्यार्पण. आपल्याकडे त्यासाठी १९६२ चा कायदा आहे, आणि ब्रिटनशी १९९२ मध्ये केलेला करार आहे.

आता एक गैरसमज दूर करू. परदेशातलं न्यायालय 'हा माणूस दोषी आहे का?' हे ठरवत नाही. ते काम इथल्या न्यायालयाचं. तिथले न्यायाधीश वेगळे प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : जे कृत्य भारतात गुन्हा आहे, ते आमच्याकडेही गुन्हा आहे का? बँकेची फसवणूक सगळीकडेच गुन्हा आहे, तेव्हा इथे फारसं अडत नाही.

दुसरा प्रश्न : प्रथमदर्शनी पुरावा आहे का? कर्ज बुडणं आणि कर्ज बुडवणं यांत फरक आहे. धंदा बसला, म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. कर्ज घेतानाच खोटं सांगितलं, पैसा भलतीकडे वळवला, हे कागदांवरून दिसायला हवं. जबाब, ईमेल, बँकेच्या अंतर्गत टिपणी हे सगळं त्या न्यायालयाला पटेल अशा रीतीने मांडावं लागतं. इथल्या तपासात राहिलेली फट तिथला वकील बरोबर शोधून काढतो.

तिसरा प्रश्न : ज्या गुन्ह्यासाठी नेताय, त्याचाच खटला चालवाल ना? दिलेला शब्द पाळाल ना? अबू सालेमचं उदाहरण घ्या. प्रकरण आर्थिक नव्हतं, पण तत्त्व तेच. २००५ मध्ये पोर्तुगालने त्याला आपल्या ताब्यात दिलं, ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या हमीवर. २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकार त्या हमीला बांधील असल्याचं स्पष्ट केलं. लोकांना राग आला. पण आज शब्द मोडला, तर उद्या दुसरा देश आपल्यावर विश्वास ठेवेल कशाला?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड : याला ठेवणार कुठे?

मल्ल्या यांच्या प्रकरणात २०१८ मध्ये न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. भर दुपारी, दिवा न लावता केलेलं. खिडकीतून उजेड येतो का, हे त्यांना बघायचं होतं! आपल्याकडे याची टिंगल झाली. पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न गंभीर होता. अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका असेल, तर युरोपीय मानवी हक्क करारानुसार माणसाला पाठवता येत नाही. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी भारताच्या बाजूने निकाल दिला. नीरव मोदींच्या बाबतीतही फेब्रुवारी २०२१ मध्ये तसाच निकाल लागला.

पण दर वेळी असं होत नाही. क्रिकेट सामनानिश्चितीतले आरोपी संजीव चावला यांना तिहारमधल्या परिस्थितीमुळे आधी नकार मिळाला. भारताने लेखी हमी दिल्यावर चित्र पालटलं आणि २०२० मध्ये त्यांना आणता आलं. उलट संजय भंडारी यांना लंडनच्या उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी मोकळं केलं. तिहारमध्ये त्यांच्याकडून मारहाणीच्या धाकाने खंडणी उकळली जाण्याचा धोका आहे, हे त्यामागचं एक मुख्य कारण.

आता वेळ का लागतो ते बघा. दंडाधिकारी न्यायालयाचा निकाल, मग गृहमंत्र्यांचा आदेश, मग उच्च न्यायालयात अपील, मग सर्वोच्च न्यायालयात जाण्याची परवानगी. मल्ल्या यांचे हे मार्ग मे २०२० मध्ये संपले. तरीही 'एक गोपनीय कायदेशीर बाब' शिल्लक आहे असं ब्रिटिश सरकारने सांगितलं, आणि गाडी तिथेच थांबली.

म्हणून २०१८ मध्ये आपण दुसरी वाट काढली : फरार आर्थिक गुन्हेगार कायदा. १०० कोटी किंवा त्याहून मोठा गुन्हा, अटक वॉरंट निघालेलं, आणि माणूस यायला तयार नाही, तर विशेष न्यायालय त्याला फरार घोषित करून मालमत्ता जप्त करू शकतं. जानेवारी २०१९ मध्ये मल्ल्या हे असे घोषित झालेले पहिले. याशिवाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालीही जप्ती होतेच. मल्ल्या यांच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी रुपये बँकांना परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. म्हणजे माणूस आला नाही तरी पैसा येऊ शकतो. मात्र दोष सिद्ध होण्याआधीच जप्ती, हा मुद्दा या कायद्यात बोचणारा आहे, हेही लक्षात ठेवा.

आता शेवटचं. आर्थर रोडची मंजूर क्षमता अनेक वर्षं ८०४ होती, आणि आत कैदी कित्येकदा ३,००० च्या वर. त्यांतले बहुतेक कच्चे कैदी. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांच्या बराकीत उजेड येतो का, हे कोणी विचारलं नाही. बराक क्रमांक १२ मात्र जगाने पाहिली, कारण तिथे येणाऱ्याकडे लंडनमध्ये वकील लावायला पैसे होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्यार्पणाची लढाई लंडनमध्ये दिसते, पण जिंकायची असते इथे : तपासाच्या फायलीत आणि तुरुंगाच्या भिंतींच्या आत. एका माणसासाठी एक बराक रंगवून दर वेळी भागणार नाही. सगळे तुरुंग माणसाला राहण्याजोगे झाले, तर पळालेल्यांच्या हातातलं सर्वांत मोठं कारण जाईल. आणि न पळालेल्या, पळू न शकणाऱ्या हजारोंना न्याय मिळेल तो वेगळाच.

थांबतो इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.