संशोधकाचे नाव

पोर्तुगीज अमदानीच्या दप्तरांत कामतांचे ‘कामोतीं’ झाले, शेणव्यांचे ‘सिनाय’. रोमी लिपीतील हा घोळ आज आमच्या तरुण संशोधकांना नडतो आहे. विवाहानंतर आडनाव बदललेल्या विदुषीचे निम्मे निबंध तर परक्याच्याच खाती जमा व्हावयाचे! ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून विनामूल्य मिळतो; नावाचे वर्णलेखन कसेही असो, तो निबंधासोबत दिला की कर्तृत्वाची ओळख पटते. गूगल स्कॉलरचे यंत्र मात्र कधीकधी समान नावाच्या दुसऱ्याचे निबंधही आपल्या पानावर चिकटविते. ते स्वतः काढून टाकण्याइतका विवेक हवाच. आत्मप्रौढीच्या संकोचाने हे सारेच टाळणारे विद्वान आमच्यात पुष्कळ. हा संकोच अनाठायी आहे. मार्गदर्शकांनी पहिला निबंध धाडण्यापूर्वीच विद्यार्थ्यास हा क्रमांक घ्यावयास लावावा. विखुरलेले मागाहून गोळा करणे फार जिकिरीचे.