निर्मित नॅनोकणांचे जलाशयांतील साकळणे

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा माणकासारखा लाल द्रव मायकेल फॅरडे याने १८५७ साली अभ्यासिला, आणि त्यात किंचित मीठ पडताच तो निळसर होतो असे नमूद केले. सोने तेच, पाणी तेच. केवळ कण साकळले होते. त्याच द्रवात थोडे जिलेटिन मिसळले असता मिठाचा हा परिणाम टळतो, हेही त्याच्या दृष्टीस आले. रंग, प्रसाधने व कापड यांतून जे निर्मित नॅनोकण आज नदीनाल्यांत उतरतात, त्यांच्या गतीचा विचार या दोन निरीक्षणांपासूनच आरंभिणे इष्ट होय. कारण कारखान्यात सिद्ध झालेला कण त्याच रूपाने जलाशयात आढळेल, असे मुळीच नाही.

पाण्यातील दोन कण समीप आले म्हणजे व्हान डर वाल्स आकर्षण त्यांना एकत्र ओढते. उलट, पृष्ठभागावरील विद्युत् भार व त्याभोवती जमलेले विरुद्ध भाराचे आयन यांचा दुहेरी थर त्यांना दूर लोटतो. डेर्यागिन व लांडाउ यांनी १९४१ साली, तर फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ साली या दोहोंच्या बेरजेवर कलिलांच्या स्थैर्याची उपपत्ती उभारली. लिटरमागे सहस्रांश मोल मीठ असेल तर थराची जाडी सुमारे १० नॅनोमीटर भरते. समुद्राच्या पाण्यात ती अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी होते, आणि मग आकर्षणाला अडसर उरत नाही. आयनांची संयुजा जितकी अधिक, तितके थोड्या क्षाराने काम भागते. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याचा घरगुती उपाय बव्हंशी तिच्यातील त्रिसंयुजी ॲल्युमिनियमच्याच बळावर चालतो.

येथवरचा विचार प्रयोगशाळेतील चंचुपात्रास पुरेसा आहे, नदीस नाही. इमारतींच्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण पावसाबरोबर ओढ्यापर्यंत पोहोचतात, हे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००८ साली दाखविले. या कणांचा भार पीएच ६ च्या सुमारास शून्य होतो, व तेथे ते त्वरित साकळतात. परंतु स्मोलुखोव्स्की याच्या सिद्धांतानुसार एकाच जातीच्या कणांच्या टकरी त्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घडतात. नदीत निर्मित कण विरळ आणि चिकणमातीचे कण अगणित. तेव्हा आपल्या जातीचा सोबती भेटण्यापूर्वीच नॅनोकण मातीला चिकटतो व तिच्यासह तळाशी जातो. पाणी निवळते खरे, पण ओझे गाळात राहणाऱ्या कृमी व शिंपल्यांवर पडते. केवळ स्वच्छ पाण्यातील माशांवर केलेली विषारीपणाची चाचणी या जीवांविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

फॅरडेच्या जिलेटिनाचे काम निसर्गात कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्यूमिक द्रव्ये करतात. अमेरिकेतील सुवानी नदीच्या पाण्यात कार्बनच्या नॅनोनलिका महिनाभराहून अधिक काळ तरंगत राहिल्या, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मात्र पाणी जड असेल, तर कॅल्शियम याच आवरणांना परस्परांशी सांधते व रक्षकच बंधक ठरतो. म्हणूनच एका नदीवरील निष्कर्ष दुसरीस लावणे धोक्याचे आहे.

चांदीच्या कणांत आणखी एक गुंतागुंत आहे. त्यांपासून सुटणारे आयन जीवाणूंना मारक असतात. कण साकळले की उघडा पृष्ठभाग घटतो व विरघळणे मंदावते. सांडपाण्याच्या गाळात त्यांचे अत्यंत अविद्राव्य असे सल्फाइड बनते. यावरून चांदीचा प्रश्न मिटला, अशी समजूत होणे साहजिक होते. परंतु कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील ‘सरोवर २२२’ मध्ये २०१४ व २०१५ साली चांदीचे नॅनोकण मुद्दाम सोडण्यात आले, तेव्हा तेथील पर्च व पाइक माशांच्या यकृतांत चांदी साचलेली आढळली.