माळ्यावरच्या दप्तरांतील सिंधुदुर्ग

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा वयाने लहान असला तरी या भूमीचे कागदपत्र जुने आहेत आणि ते एका जागी नाहीत. मालवण १८१२ पर्यंत करवीरच्या छत्रपतींकडे होते. त्या वर्षी ते इंग्रजांकडे गेले. वेंगुर्लेही त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून इंग्रजांनी घेतले. त्यापूर्वी, सतराव्या शतकात, तेथे डचांची वखार होती. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. साहजिकच या किनाऱ्याचा इतिहास शोधणाऱ्यास कोल्हापूर, पुणे व मुंबई येथील दप्तरे चाळावी लागतात. सावंत व पोर्तुगीज यांच्या संबंधांसाठी पणजीचे पुराभिलेखागार पाहावे लागते, तर डच कंपनीच्या कागदांसाठी थेट हेगकडे वळावे लागते.

राजदरबारच्या या कागदांत तह, सनदा व जकातीचे हिशेब सापडतात. माडाच्या बागेची वाटणी कशी झाली, देवस्थानातील मान कोणत्या घराकडे होता, गावातील तंटा कोणाच्या साक्षीने मिटला, हे मात्र घराघरांतील दप्तरांतूनच कळते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशीच खासगी दप्तरे मिळविली. वाई येथे सापडलेल्या कागदांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोकणातील दप्तरांवर संकट आले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि खोतीच्या जुन्या कागदांचा व्यवहारातील उपयोग सरला. त्याच सुमारास शाळांतून मोडी लिपीही गेली. कागद निरुपयोगी ठरला आणि वाचणाराही उरला नाही. पुढे कुटुंबे मुंबईस स्थिरावली, घरे बंद पडली आणि माळ्यावरची पेटी वाळवीच्या स्वाधीन झाली.

जुना तेवढाच कागद मोलाचा, ही समजूतही बरोबर नाही. दशावतारी नाटकाचे हस्तपत्रक, जत्रेची जाहिरात, आगबोटीचे तिकीट, मुंबईतील ग्रामस्थ मंडळाचा अहवाल, ही उद्याची साधने होत. मनीऑर्डरच्या कुपनावर चाकरमान्याने लिहिलेल्या दोन ओळींत एका काळाचे सारे अर्थकारण असते. गंमत अशी की, दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद बहुधा शाबूत आढळतो आणि पन्नास वर्षांपूर्वीचे हस्तपत्रक हात लावताच तुटते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल असते. ते त्याला आतून ठिसूळ करते.

किनाऱ्यावरील दमट व खारी हवा कागदाची मोठी शत्रू होय. काजळीची शाई सहसा विटत नाही, परंतु तिच्यात डिंक असल्याने ओल लागताच ती पसरते. म्हणून पावसाळ्यात दप्तर उलगडू नये. दसऱ्यास पोथ्यापुस्तके पूजेसाठी बाहेर निघतात. तो काळ यासाठी योग्य. कागद कडक उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर ठेवावेत, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि धुतलेल्या सुती रुमालात बांधावेत. रुमालात वेखंडाचे तुकडे ठेवण्याची जुनी रीत आहेच. टाचण्या काढाव्यात, कारण त्या गंजतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे किंवा कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करणे हे प्रेमापोटी केलेले नुकसान ठरते. ते पुन्हा सोडविता येत नाही. एका गाठोड्यातील कागदांचा क्रमही मोडू नये. कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरूनच पुष्कळदा त्याचा अर्थ लागतो.

खरी अडचण विश्वासाची आहे. दप्तर बाहेर गेले तर जमिनीवरील हक्क जाईल किंवा भाऊबंदकीचा जुना वाद पुन्हा उठेल, अशी धास्ती अनेक घरांत असते. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. यावर उपाय असा की, मूळ कागद घरीच राहावा. मालकासमोर त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि गाव, घर, तारीख व ते कोणास दाखवावयाचे याविषयीची मालकाची अट त्याच वेळी नोंदवावी. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ चे. अशा जुन्या ग्रंथालयांत या प्रती ठेवता येतील. गावकऱ्यांना ही जागा परकी वाटणार नाही.

मोडी वाचणारे मिळावेत म्हणून पुराभिलेख संचालनालय त्या लिपीची परीक्षा घेते. गावातील एखाद्याने लिपीबरोबर इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे अरबी संख्याशब्द शिकून घेतले तरी पुष्कळ काम होते. त्या शब्दांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो आणि पेटीतील कागद निदान कालक्रमाने नोंदविता येतात.