बॅटरी उतरली, टाकी चढली

रिमोटवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक बगीची मोटर काढून छोटं पेट्रोल इंजिन बसवायचा मोह साहजिक आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा, तेवढ्याच लिथियम बॅटरीत जेमतेम ०.२. (पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, ते सोडा.)

गोम वेगळीच आहे. मोटर शून्य फेऱ्यांपासून जोर लावते. इंजिनचा वेग फार उतरला की ते बंदच पडतं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये सेंट्रिफ्युगल क्लच हवा. फेऱ्या वाढल्या की त्याचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला भिडतात, अगदी बिनगिअरच्या स्कूटरसारखे. मोटर स्वतःच ब्रेक लावते आणि उलटीही फिरते. इंजिनवाल्या बगीला डिस्क ब्रेक लावावा लागतो आणि रिव्हर्सवर बहुधा पाणी सोडावं लागतं.

‘एचपीआय बाजा ५बी’ ही एक-पंचमांश आकाराची बगी मुळातच अशी: २३ किंवा २६ सीसीचं, गवत कापायच्या यंत्राच्या जातकुळीतलं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून.

रिसीव्हरला मात्र बॅटरी लागतेच. ती मध्येच संपली तर उधळलेली बगी कोण आवरणार? जाणकार किल स्विच आधी बसवतात.