शिट्टी थांबली, म्हणजे कान सुधारला?

रविवारी पहाटे गाडी काढायची, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळा गाठायचे, चहा-वडापाव झाला की परत. दुपारी एखादी शर्यत असेल तर मित्रांसोबत कुंपणाला खेटून उभे राहायचे. मोटारसायकलचे वेड असलेल्या अनेकांचा सुटीचा दिवस असाच जातो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मात्र कानात बारीक शिट्टी वाजत राहते. सकाळी ती थांबलेली असते आणि विषय तिथेच संपतो. विज्ञानाच्या दृष्टीने तो तिथे संपत नाही.

आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात, त्यातून विद्युत संदेश तयार होतो आणि श्रवण मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजाने हे केस वाकतात. मारा फार झाला तर पेशी मरतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत.

हार्वर्डच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आवाजानंतर या उंदरांची श्रवणक्षमता काही दिवसांत पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. पण त्या पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे अनेक सांधे कायमचे नष्ट झाले होते. नेहमीच्या श्रवणचाचणीत असे नुकसान दिसेलच असे नाही. माणसातही असेच घडत असावे, असे मानण्यास जागा आहे. शांत खोलीत सगळे ऐकू येते, पण लग्नाच्या गर्दीत समोरच्याचे बोलणे कळत नाही, या तक्रारीमागे हेही एक कारण असू शकते.

पुढे केशपेशी मरू लागल्या की आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘ट’ ही व्यंजने अस्पष्ट होतात. भाजीवाला ‘साठ’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाला ‘आठ’ ऐकू येते. घरचे म्हणतात, ‘लक्ष नसते यांचे!’ लक्ष असते, पण कान साथ देत नाही.

किती आवाज चालतो? अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे.

चालकाचा मोठा शत्रू सायलेन्सर नसून वारा असतो. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या मोजमापांत ताशी साठच्या आसपास हेल्मेटच्या आत सुमारे ९० डेसिबल आवाज आढळला. ताशी १६० ला तो ११० पर्यंत गेला. हेल्मेटभोवती, विशेषतः हनुवटीखाली हवेचे भोवरे तयार होतात, त्यांचा हा आवाज. हेल्मेट डोके वाचवते, म्हणून ते हवेच. पण कान वाचवणे हे त्याचे काम नाही.

त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे पुरतात. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी खोचलेला बोळा फारसा उपयोगी नाही. ‘मग हॉर्न कसा ऐकू येणार?’ ही शंका रास्त आहे. बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो, त्यामुळे हमरस्त्यावरच्या वेगात हॉर्न वाऱ्यातून साधारण पूर्वीइतकाच वेगळा कळतो. गावातल्या संथ रहदारीत मात्र बोळ्यांची गरज नाही. कानात गाणी लावणे ही निराळी गोष्ट. त्याने आवाजात भर पडते आणि लक्षही उडते.

प्रेक्षकांनाही हाच नियम लागू. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉसची शर्यत झाली. अशा ठिकाणी लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन येतात. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. म्हणून कुंपण सोडून मागच्या रांगेत बसावे, मधूनमधून दूर जाऊन कानांना विश्रांती द्यावी. लहान मुलांसाठी बोळे नकोत, ते तोंडात जाण्याची भीती असते. त्यांना कान झाकणारे मफ घालावेत.

शिट्टी दोन दिवसांनंतरही टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर एक दिवसही थांबू नये, उपचाराचा उपयोग लवकर गेल्यासच होतो. वरचेवर लांब पल्ला मारणाऱ्यांनी श्रवणचाचणी करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावा. गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख पाठ असते, तशी ही तारीखही लक्षात ठेवावी. गाडीचे भाग बदलून मिळतात, केशपेशी मिळत नाहीत.